लहान विंडो मॅनेजरची आखणी: काय ठेवावे, काय वगळावे आणि वगळलेले काम कोणाकडे सोपवावे

विंडो कोठे दिसावी, तिचा आकार केवढा असावा, टंकलेले अक्षर कोणत्या विंडोकडे जावे (यालाच फोकस म्हणतात) आणि एखादी विंडो कधी नजरेआड करावी, एवढ्या चार प्रश्नांची उत्तरे देणारा प्रोग्रॅम म्हणजे विंडो मॅनेजर. टास्कबार, मेनू, वॉलपेपर, सूचना, आवाजाचे नियंत्रण या गोष्टी वर्षानुवर्षांच्या सहवासाने त्याला अशा चिकटल्या आहेत, की त्या त्याच्याच आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांतील एकही त्याच्या मूळ कामात मोडत नाही. मात्र यावरून जेवढे वगळावे तेवढे चांगले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. विंडो मॅनेजरमधून काढून टाकलेले काम नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या प्रोग्रॅमकडे, ॲप्लिकेशनकडे किंवा वापरणाऱ्याच्या स्मरणशक्तीकडे जाते. म्हणून आखणी करताना प्रत्येक वैशिष्ट्यापुढे एकच प्रश्न मांडावा: हे मी केले नाही, तर ते कोण करणार? ज्या कामाला दुसरा धनी सापडतो ते निःशंकपणे सोडावे. ज्याला सापडत नाही ते, कितीही कंटाळवाणे असले तरी, आपणच नीट करावे.

आकाराचा अंदाज यावा म्हणून दोन टोके सांगतो. टायनीडब्ल्यूएम हा सी भाषेतील प्रोग्रॅम जेमतेम ५० ओळींचा आहे आणि तो विंडो सरकवणे, लहानमोठी करणे व वर आणणे एवढेच करतो. २००६ मध्ये सुरू झालेल्या डीडब्ल्यूएमने आपला सोर्स कोड २००० ओळींच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, अशी मर्यादा स्वतःवर घालून घेतली आहे, आणि तो रोजच्या कामाला पुरेसा पडतो. या दोहोंमधल्या ओळींत काय भरावे, हाच आखणीचा विषय.

एक्स की वेलँड

लिनक्ससारख्या प्रणालींत विंडो स्क्रीनवर आणणाऱ्या एक्स आणि वेलँड या दोन व्यवस्थांपैकी कोणती घ्यावी, हा निर्णय सर्वांत आधी घ्यावा, कारण पुढचे अनेक निर्णय तोच ठरवून टाकतो. १९८७ मध्ये आलेल्या एक्स११ मध्ये विंडो मॅनेजर हा इतर ॲप्लिकेशनांसारखाच सर्व्हरचा एक ग्राहक असतो. फरक एवढाच, की मूळ विंडोवरील (सर्व विंडोंच्या मागे पूर्ण स्क्रीनभर असणाऱ्या विंडोवरील) ‘सबस्ट्रक्चर रिडायरेक्ट’ हा अधिकार त्याने मागून घेतलेला असतो. तो एका वेळी एकालाच मिळतो, दुसऱ्याने मागितल्यास सर्व्हर ‘बॅड ॲक्सेस’ ही त्रुटी परत करतो, आणि दुसरा विंडो मॅनेजर आधीपासून चालू आहे का हे ओळखण्याची पद्धतही हीच आहे. अधिकार मिळाल्यावर नवी विंडो दाखवण्याची व आकार बदलण्याची प्रत्येक विनंती आपल्याकडे येते. कळफलक वाचणे, पिक्सेल रंगवणे, मॉनिटरशी बोलणे ही कामे सर्व्हर करतो.

क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँडमध्ये मधला सर्व्हरच नाही. कंपोझिटर, म्हणजे सर्व विंडोंची चित्रे एकत्र करून स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्रॅम, हाच सर्व्हर आणि तोच विंडो मॅनेजर. डब्ल्यूएलरूट्स या लायब्ररीने त्यातील बराच भार उचलला असला, तरी तिच्यासोबत नमुना म्हणून येणारा टायनीडब्ल्यूएल सुमारे १००० ओळींचा आहे आणि त्याची करामत टायनीडब्ल्यूएमपेक्षा फार मोठी नाही. दुसरा फरक अधिक गंभीर आहे. एक्समध्ये विंडो मॅनेजर कोसळला तरी विंडो सर्व्हरकडे सुरक्षित राहतात आणि नवा विंडो मॅनेजर सुरू करून काम पुढे चालवता येते. वेलँडमध्ये कंपोझिटर कोसळला, की त्याच्यासोबत चालू ॲप्लिकेशनेही सहसा बंद पडतात. याच्या उलट, एक्समध्ये कोणतेही ॲप्लिकेशन दुसऱ्याच्या विंडोत टंकलेल्या कळा वाचू शकते, वेलँडमध्ये तसे होत नाही, आणि वेगवेगळ्या घनतेचे दोन मॉनिटर वेलँड अधिक समंजसपणे हाताळतो.

शिकण्यासाठी आणि मोकळेपणाने मोडतोड करण्यासाठी माझा कौल एक्सला आहे. पुढची काही वर्षे नव्या हार्डवेअरवर वापरायचे असेल, तर डब्ल्यूएलरूट्स घ्यावी आणि डीडब्ल्यूएमची कल्पना तिच्यावर उभी करणारा डीडब्ल्यूएल आधी वाचावा. यापुढचे विवेचन मुख्यतः एक्सला धरून आहे; जेथे वेलँडमध्ये चित्र बदलते तेथे तसे नमूद केले आहे.

मांडणी

विंडो एकमेकींवर मोकळ्या ठेवायच्या, की स्क्रीन त्यांच्यात वाटून द्यायची? मोकळ्या मांडणीत, जशी सीडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरमध्ये असते, प्रत्येक विंडोची जागा वापरणारा ठरवतो, म्हणून कोड कमी लागतो. पण जागा लावण्याचे काम दिवसभर माणसाच्या हाताला करावे लागते. स्क्रीन वाटून देण्याचे, म्हणजे टायलिंगचे, दोन पंथ आहेत. आयथ्री आणि बीएसपीडब्ल्यूएम हे विंडो मॅनेजर स्क्रीनचे विभाजन एका वृक्षाच्या रूपात ठेवतात आणि कोणता भाग कोठे चिरायचा हे वापरणारा सांगतो. डीडब्ल्यूएम आणि एक्समोनॅड विंडोंची केवळ एक यादी ठेवतात व ठरलेल्या नियमाने तिच्यावरून मांडणी काढतात. वृक्षात हवे ते रचता येते, परंतु फांद्या जोडणे, तोडणे, रिकामी फांदी काढून टाकणे आणि या साऱ्यासाठी वेगळ्या आज्ञा पुरवणे ओघाने आलेच. साधेपणा हेच उद्दिष्ट असेल तर यादी घ्यावी. एक यादी आणि दोन संख्या, म्हणजे मुख्य स्तंभात किती विंडो आणि त्या स्तंभाची रुंदी किती, एवढ्यात संपूर्ण स्थिती सामावते. मुख्य विंडो डावीकडे व उरलेल्या उजवीकडे एकाखाली एक, एकच विंडो पूर्ण स्क्रीनभर, आणि मोकळी मांडणी, या तीन प्रकारांनी बहुतेक गरजा भागतात. चौथा प्रकार लिहिण्यापूर्वी पहिले तीन महिनाभर वापरून पाहावेत.

मांडणीचे फंक्शन सर्व्हरला अजिबात ओळखत नसावे. उपलब्ध आयत, विंडोंची संख्या आणि त्या दोन संख्या आत. आयतांची यादी बाहेर. अशा फंक्शनची चाचणी ग्राफिक्सशिवाय घेता येते, आणि एक्समोनॅडच्या लेखकांनी आपल्या गाभ्यातील रचनेचे गुणधर्म हॅस्केल भाषेतील क्विकचेक या चाचणीच्या साधनाने तपासले ते अशाच विभाजनाच्या बळावर. येथे एक बारीक सापळा आहे. १०८० पिक्सेल उंचीचे ७ भाग केल्यास प्रत्येकाला १५४ पिक्सेल मिळतात आणि २ पिक्सेल उरतात. ते तळाशी वॉलपेपरची फट म्हणून दिसतात. उंची आधीच भागून ठेवण्याऐवजी प्रत्येक पायरीला उरलेल्या उंचीला उरलेल्या विंडोंच्या संख्येने भागावे, म्हणजे शिल्लक पिक्सेल आपोआप शेवटच्या विंडोंत वाटले जातात.

चौकटीत न मावणाऱ्या विंडो

मेनू, टूलटिप आणि ड्रॉपडाउन यांच्या विंडोंवर ‘ओव्हरराइड रिडायरेक्ट’ ही खूण असते. त्यांना हात लावू नये. जी विंडो दुसऱ्या विंडोची तात्पुरती सोबतीण असल्याचे सांगते, जिचा प्रकार ‘डायलॉग’ आहे, किंवा जिचा किमान व कमाल आकार सारखाच आहे, ती आपोआप मोकळी ठेवावी. ‘फाइल जतन करायची का’ असे विचारणारी इवलीशी चौकट अर्धी स्क्रीन व्यापून बसली, तर टायलिंगवरचा विश्वासच उडतो. या तीन कसोट्यांनंतर उरणाऱ्या अपवादांसाठी विंडोच्या वर्गनामावर आधारलेली छोटी नियमावली पुरे.

टर्मिनल आपला आकार अक्षराच्या पटींतच वाढावा अशी सूचना देतो. टाइल केलेल्या विंडोसाठी ती पाळली तर कडेला विचित्र फटी पडतात. मोकळ्या विंडोसाठी सूचना पाळावी आणि टाइल केलेल्यांसाठी दुर्लक्षावी, हा मला सर्वांत समाधानकारक तोडगा वाटतो. मात्र एखाद्या ॲप्लिकेशनने मागितलेला आकार नाकारला, तर गप्प बसून चालत नाही. आयसीसीसीएम या संकेतपुस्तिकेनुसार विंडोला तिचा सध्याचा आकार सांगणारा कृत्रिम ‘कॉन्फिगर नोटिफाय’ संदेश पाठवावा लागतो, अन्यथा काही ॲप्लिकेशने उत्तराची वाट पाहत राहतात किंवा चुकीच्या ठिकाणी मेनू उघडतात. हे काम दुसरा कोणीही करू शकत नाही.

फोकस

लहान विंडो मॅनेजर हातात घेतल्यावर तो बरा आहे की त्रासदायक, हे मांडणीपेक्षा फोकसवरून अधिक लवकर कळते, आणि तरीही आखणीत या भागाला सर्वांत कमी वेळ दिला जातो.

पहिला प्रश्न फोकस माउसमागे जाईल की क्लिकमागे, हा. पॉइंटर ज्या विंडोवर त्या विंडोला फोकस, हा नियम लिहायला सोपा आहे: विंडोत प्रवेश झाल्याची घटना आली की फोकस द्यायचा. अडचण अशी, की ही घटना पॉइंटर हलल्यानेच घडते असे नाही. पॉइंटर स्थिर असताना त्याच्याखालची विंडो बदलली तरीही सर्व्हर ती पाठवतो. परिणामी आपण कळफलकाने मांडणी बदलतो, विंडो जागा बदलतात, आणि फोकस भलत्याच विंडोकडे उडी मारतो. यावर उपाय म्हणजे मांडणी लावून झाल्यावर सर्व्हरशी समन्वय साधून रांगेत साठलेल्या प्रवेशाच्या घटना टाकून द्यायच्या. डीडब्ल्यूएम हेच करतो. तरीही कळफलकाने फोकस हलवल्यानंतर टेबलाला धक्का लागून माउस किंचित सरकला तर काय, हा प्रश्न उरतोच. पॉइंटरलाच नव्या विंडोत नेऊन ठेवणे हा एक मार्ग आहे. पण हाताखालचा पॉइंटर न विचारता पळवणारा प्रोग्रॅम मला उद्धट वाटतो.

क्लिकमागे फोकस ठेवला तर ही सारी गुंतागुंत टळते, परंतु ॲप्लिकेशनच्या वाट्याची क्लिक आपल्याला मधेच अडवावी लागते. फोकस नसलेल्या विंडोवरील बटणे समकालिक पद्धतीने (म्हणजे आपण सोडेपर्यंत क्लिक अडून राहील अशी) पकडावीत, क्लिक आल्यावर फोकस द्यावा आणि ‘रिप्ले पॉइंटर’ने तीच क्लिक ॲप्लिकेशनकडे जशीच्या तशी सोडावी. ही शेवटची पायरी राहिली, तर प्रत्येक बटण दोनदा दाबावे लागते. कळफलकावर मुख्य भर असेल तर मी क्लिकची पद्धत सुचवीन.

दुसरा प्रश्न, विंडो बंद झाली की फोकस कोणाला? यादीतील शेजारणीला देणे सोपे आहे, आणि जवळपास नेहमीच चुकीचे आहे. माणसाला तो ज्या विंडोतून आला तेथे परतायचे असते. यासाठी दोन याद्या ठेवाव्यात: एक स्क्रीनवरील क्रमाची, दुसरी अलीकडे कोणत्या विंडोला फोकस होता त्या क्रमाची. दुसऱ्या यादीला प्रत्येक विंडोमागे एक पॉइंटर (माउसचा नव्हे, मेमरीतील पत्ता साठवणारा) एवढाच खर्च येतो आणि तिच्यामुळे टॅग (विंडोंचे गट, त्यांविषयी पुढे) बदलल्यावर, डायलॉग मिटल्यावर, मॉनिटर काढल्यावर कोणाकडे वळायचे, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी मिळते.

तिसरा प्रश्न न मागता फोकस घेऊ पाहणाऱ्या ॲप्लिकेशनांचा. वापरणाऱ्याने नुकतीच उघडलेली विंडो फोकस घेवो, हे रास्त आहे. पण मागे चालू असलेल्या ॲप्लिकेशनने ‘मला पुढे आणा’ अशी विनंती केली, तर तिला तातडीची खूण लावून टॅगचा रंग बदलावा, फोकस देऊ नये. पासवर्ड टंकताना त्याचे उरलेले अर्धे भलत्याच चौकटीत उमटण्यापेक्षा हे कितीतरी बरे. शिवाय काही विंडो स्वतः कळफलक घेत नाहीत, काही ‘टेक फोकस’ हा संदेश आल्यावरच घेतात; या दोन्ही सूचना तपासल्याशिवाय फोकस देण्याचे फंक्शन पूर्ण झाले असे मानू नये.

वर्कस्पेस, टॅग आणि विंडो लपवणे

वर्कस्पेसमध्ये एक विंडो एकाच ठिकाणी असते. टॅगमध्ये प्रत्येक विंडोला बिटांचा एक संच असतो, ती एकाच वेळी अनेक टॅगांवर असू शकते आणि अनेक टॅग एकत्र पाहता येतात. कोडच्या दृष्टीने टॅग अधिक स्वस्त आहेत, कारण विंडो दिसावी की नाही हे एका ‘अँड’ क्रियेने ठरते. वेगवेगळ्या याद्या सांभाळाव्या लागत नाहीत. मनाच्या दृष्टीने मात्र वर्कस्पेस सोपे. टॅग निवडले तरी ते वर्कस्पेससारखे वापरता यावेत, म्हणजे एक कळ दाबली की एकच टॅग दिसावा, अशी मूळ वागणूक ठेवावी. अनेक मॉनिटर असल्यास प्रत्येकाचे टॅग वेगळे ठेवायचे, की एक्समोनॅडप्रमाणे सर्वांचा एकच साठा ठेवून हवा तो हव्या त्या मॉनिटरवर आणायचा, हे आवडीवर सोडता येईल.

लपवण्याचे मार्ग दोन. विंडो ‘अनमॅप’ केली, म्हणजे ती दाखवू नको असे सर्व्हरला सांगितले, तर तशीच घटना ॲप्लिकेशनने स्वतः विंडो मिटल्यावरही येते, त्यामुळे कोणती आपली व कोणती त्याची याचा हिशेब ठेवावा लागतो. डीडब्ल्यूएम विंडो स्क्रीनच्या डाव्या कडेपलीकडे सरकवून ठेवतो. युक्ती ओबडधोबड वाटते खरी, पण हिशेबच उरत नाही.

कळा आणि कॉन्फिगरेशन

शॉर्टकटसाठी दुसऱ्या कळेसोबत दाबायची सुधारक कळ म्हणून सुपर (विंडोज चिन्हाची कळ) घ्यावी. डीडब्ल्यूएम मुळात आल्ट वापरतो, आणि टर्मिनलमध्ये शब्दागणिक पुढेमागे जाण्याच्या कळा व ॲप्लिकेशनांचे मेनू आल्टवरच असल्याने टक्कर होते. एक्समध्ये कळ पकडताना नमलॉक आणि कॅप्सलॉक हेही सुधारकच मोजले जातात. म्हणून प्रत्येक शॉर्टकट चार जोड्यांत पकडावा लागतो: दोन्ही बंद, एकेक चालू, दोन्ही चालू. हे केले नाही, तर नमलॉक लागताच सगळे शॉर्टकट मुके होतात आणि कारण सहज सापडत नाही. रोमनेतर लेआउटवर टंकणाऱ्यांसाठी आणखी एक काळजी घ्यावी: शॉर्टकट चालू लेआउटच्या अक्षरावरून न ओळखता पहिल्या लेआउटमधील कळेवरून ओळखावा.

कळा विंडो मॅनेजरने सांभाळाव्यातच, असे नाही. बीएसपीडब्ल्यूएम एकही कळ पकडत नाही. एसएक्सएचकेडी हा स्वतंत्र प्रोग्रॅम कळा ऐकतो आणि बीएसपीसी या आज्ञेमार्फत सॉकेटवर (दोन प्रोग्रॅममधील संवादाच्या वाहिनीवर) संदेश पाठवतो. त्याची कॉन्फिगरेशन फाइल ही तशाच आज्ञांची शेल स्क्रिप्ट असते, त्यामुळे वेगळी कॉन्फिगरेशन भाषा, तिचा पार्सर (ती वाचून अर्थ लावणारा कोड) आणि त्रुटीसंदेश लिहिण्याची गरजच पडत नाही. वेलँडमध्ये मात्र साध्या ॲप्लिकेशनाला सर्वत्र लागू होणाऱ्या कळा पकडता येत नाहीत, म्हणून तेथे हे काम कंपोझिटरकडेच राहते.

डीडब्ल्यूएमने दुसरे टोक गाठले आहे: कॉन्फिगरेशन सी भाषेच्या हेडर फाइलमध्ये, आणि बदल केला की पुन्हा कंपाइल. येथे पार्सरचे काम कंपायलर करतो व चुकाही तोच दाखवतो. स्वतःपुरता विंडो मॅनेजर असेल तर हेडर फाइल पुरे. इतरांनी वापरावा अशी अपेक्षा असेल तर सॉकेट घ्यावे, कारण तेच सॉकेट स्टेटस बारला, स्क्रिप्टला आणि चाचणीलाही उपयोगी पडते. स्वतःची कॉन्फिगरेशन भाषा रचण्याचा मोह टाळावा. तिचा पार्सर पाहता पाहता मांडणीच्या कोडपेक्षा मोठा होतो.

किनार, बार आणि संकेत

टायटल बार हवा असेल तर प्रत्येक विंडो आपल्या चौकटीत बसवावी लागते आणि कोड बराच वाढतो. टायलिंगमध्ये १ किंवा २ पिक्सेलची रंगीत किनार फोकस दाखवायला पुरते. दाट पिक्सेलच्या स्क्रीनवर तिची जाडी बदलता यायला हवी. एकच विंडो दिसत असेल तर किनार नको. चौकट न देण्याची एक किंमत आहे: जावाच्या जुन्या ग्राफिक्स संचाला अनोळखी विंडो मॅनेजर चौकट देतो असेच वाटते आणि त्याच्या विंडो कोऱ्या करड्या दिसू शकतात. त्यासाठी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवून द्यावा लागतो, आणि ही माहिती मदतपानावर असायलाच हवी. विंडोंमधील शोभेच्या मोकळ्या जागेला येथे स्थान नाही, असे माझे मत आहे.

बारमध्ये घड्याळ, बॅटरी, नेटवर्क घालू नये. डीडब्ल्यूएम मूळ विंडोचे नाव वाचून तेच बारवर छापतो, आणि ते नाव एक छोटी शेल स्क्रिप्ट बदलत राहते. याहून स्वच्छ वाटणी माझ्या पाहण्यात नाही. बार पूर्णपणे बाहेरचा ठेवायचा असेल तर त्याने राखून मागितलेली कडेची जागा मांडणीतून वगळावी लागते आणि चालू वर्कस्पेसचा क्रमांक मूळ विंडोवर जाहीर करावा लागतो.

ईडब्ल्यूएमएच या संकेतसंचात पुष्कळ गुणधर्म आहेत. त्यांतील पूर्ण स्क्रीनची विनंती, सक्रिय विंडो, विंडोंची यादी, डायलॉगचा प्रकार, विंडोचे युनिकोड नाव आणि विंडो मॅनेजरची स्वतःची ओळख एवढे पाळले तरी ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर व बहुतेक साधने नीट वागतात. जे पाळत नाही ते पाठबळाच्या यादीत जाहीर करू नये. विंडो बंद करताना आधी ‘डिलीट विंडो’ हा संदेश पाठवावा; ज्या ॲप्लिकेशनाला तो कळत नाही त्याच्यापुरतेच जोडणी तोडण्याचे हत्यार वापरावे, कारण त्याने न जतन केलेले काम बुडते.

त्रुटी, चाचणी आणि बाहेर पडणे

आपण विंडोला फोकस देत असतानाच ती नष्ट झालेली असू शकते. मग सर्व्हर ‘बॅड विंडो’ त्रुटी पाठवतो आणि एक्स सर्व्हरशी बोलणाऱ्या एक्सलिब या लायब्ररीचा मूळ त्रुटी-हाताळक सरळ प्रोग्रॅम बंद करतो. स्वतःचा हाताळक पहिल्या दिवशीच बसवावा आणि अशा अपेक्षित त्रुटी त्यात गिळाव्यात, परंतु अनपेक्षित त्रुटी मात्र ठळकपणे नोंदवाव्यात. सुरू केलेले प्रोग्रॅम संपल्यावर त्यांची नोंद साफ करण्याची व्यवस्थाही तेव्हाच करावी.

विकासाचे काम चालू सत्रात करू नये. झेफर हा विंडोच्या आत चालणारा एक्स सर्व्हर आहे. त्यात नवा विंडो मॅनेजर चालवला तर तो कोसळल्याने काहीही बिघडत नाही. डब्ल्यूएलरूट्सवरील कंपोझिटरही चालू सत्रातील एका विंडोत चालवता येतो. लिहिण्याचा क्रम असा ठेवावा: अधिकार मागणे, विंडो दाखवणे, एक मांडणी, कळा, फोकस, मग टॅग, संकेत आणि नियमावली त्यानंतर.

सुरुवातीला आधीच उघड्या असलेल्या विंडो सर्व्हरकडून विचारून घ्याव्यात आणि आपल्या यादीत दाखल कराव्यात, म्हणजे चालू सत्रात विंडो मॅनेजर बदलता येतो. त्यासाठी सत्राच्या स्क्रिप्टमधील शेवटची ओळ विंडो मॅनेजरवर संपणारी नसावी. तशी असेल तर तो थांबताच पूर्ण सत्र मिटते आणि एक्सची सुरक्षित राहणारी विंडो हा लाभ वाया जातो. बाहेर पडताना कडेपलीकडे लपवलेल्या सर्व विंडो दिसणाऱ्या भागात परत आणाव्यात, त्यांची मूळ किनार पूर्ववत करावी, पकडलेल्या कळा सोडाव्यात आणि फोकस मूळ विंडोकडे द्यावा. नंतर येणाऱ्या विंडो मॅनेजरला डाव्या कडेपलीकडे काय दडवले होते, हे कळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसतो.